प्राध्यापक विष्णु वासुदेव नारळीकर

जळगांवच्या स्टेशनांत आपण डब्यांत बसलों असतां शेजारची गाडी हलूं लागते आणि आपलीच गाडी सुटली असा भास होतो. फलाटावरील खांबाकडे दृष्टि गेली म्हणजे चूक उमगते. परंतु खांब, फलाट कांहींच दिसत नसेल, तर चालतो कोण आणि स्थिर कोण, याचा निवाडा कसा करावयाचा? एकसारख्या वेगानें सरळ जाणाऱ्या गाडीच्या आंत राहून केलेल्या कोणत्याहि प्रयोगानें तो होत नाहीं. आणि प्रकाशाचा वेग मात्र दोन्ही गाड्यांतील उतारूंस सारखाच भरतो. या दोन गोष्टी प्रमाण धरून आइन्स्टाइन यांनीं १९०५ सालीं सापेक्षतेचा पहिला सिद्धांत मांडला. पुढें १९१५ सालीं त्यांनीं गुरुत्वाकर्षणासहि त्यांत स्थान दिलें. वस्तुमानामुळें अवकाश व काल यांस वक्रता येते आणि त्या वक्रतेचा परिणाम म्हणजेच गुरुत्वाकर्षण, हें त्याचें सार होय. हा विषय आपल्या देशांत रुजविणाऱ्या अग्रणींपैकीं एक महाराष्ट्रीय होते. त्यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

विष्णु वासुदेव नारळीकर यांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजीं कोल्हापुरास झाला. घरांत संस्कृत विद्येची परंपरा होती. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ सालीं बी. एस्सी. होऊन, टाटा निधीचें व कोल्हापूर दरबारचें साहाय्य मिळवून ते केंब्रिजला गेले आणि १९३० सालीं रँग्लर झाले. रँग्लर परांजपे यांच्यामुळें ही पदवी महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. नारळीकरांनीं त्या परीक्षेंत विशेष प्राविण्य दाखविलें, ज्योतिर्गणिताबद्दल टायसन पदक पटकाविलें आणि पुढें रॅले पारितोषिकहि मिळविलें. तेथें त्यांस एडिंग्टन यांचा सहवास लाभला. १९१९ सालच्या खग्रास सूर्यग्रहणांत ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून येतांना वळतो, हें वेध घेऊन ज्यांनीं दाखविलें तेच हे एडिंग्टन.

अशा तरुणास विलायतेंत राहून नांव मिळविणें कठीण नव्हतें. परंतु पंडित मदनमोहन मालवीय यांनीं पाचारण केलें, आणि १९३२ सालीं, वयाचीं २५ वर्षेंहि पुरीं झालीं नसतां, नारळीकर काशी हिंदु विश्वविद्यालयाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. काशीची गाडी जळगांव-भुसावळवरूनच पुढें जाते; तेव्हां हा नवा प्राध्यापक एखादे वेळीं आमच्या केळीच्या बागा पाहत गेलाहि असेल!

काशीस त्यांनीं जी २८ वर्षें काढलीं, त्यांची खरी किंमत कळण्यास त्या काळीं या विषयाची अवस्था काय होती हें ध्यानांत घेतलें पाहिजे. १९१९ सालचा गाजावाजा ओसरला होता. बुधाच्या कक्षेंत एका शतकांत ४३ विकलांचा फरक, प्रकाशाचें किंचित् वळणें, अशा अतिसूक्ष्म गोष्टींपलीकडे या सिद्धांतास पडताळा नव्हता. पदार्थविज्ञानवेत्त्यांचा सारा ओढा अणूच्या अंतरंगाकडे होता. सापेक्षता ही गणितज्ञांची सुंदर परंतु निरुपयोगी हौस आहे, असें जगांत पुष्कळांस वाटे. नारळीकरांनीं हवेचा रोख पाहून विषय बदलला नाहीं. खडू, फळा आणि विद्यार्थी एवढ्याच सामग्रीवर त्यांनीं काशीस एक संप्रदाय निर्माण केला.

१९४२ सालीं गुजराथेंतील प्रल्हाद चुनीलाल वैद्य नांवाचे तरुण पदरच्या शिलकीवर काशीस येऊन राहिले. १९१६ सालीं श्वार्ट्सशिल्ट यांनीं ताऱ्याबाहेरील गुरुत्वक्षेत्राचें गणित सोडविलें होतें. पण त्यांत ताऱ्याभोंवतालची जागा अगदीं रिकामी धरली होती. सूर्य तर अखंड प्रकाश टाकतो! प्रकाशाबरोबर ऊर्जा जाते व ऊर्जेबरोबर वस्तुमान. सूर्याचें वस्तुमान अशा रीतीनें दर सेकंदास ४० लाख टनांहून अधिक घटतें. मग भोंवतालची जागा रिकामी कशी? या प्रकाशमान ताऱ्याच्या क्षेत्राचें उत्तर वैद्यांनीं १९४३ सालीं प्रसिद्ध केलें. तें त्यांच्या नांवानें जगभर ओळखलें जातें. दुसरे शिष्य करमरकर यांनीं १९४८ सालीं सांगितलेली अट घेऊन आजहि दाट ताऱ्यांचे नमुने रचिले जातात.

१९६० सालीं नारळीकर काशी सोडून राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. पद मोठें खरें. पण आम्हांस ही गोष्ट थोडी खटकते. कारण नेमक्या त्याच वर्षांत आकाशांतून नवीं नवलें दृष्टीस पडूं लागलीं: १९६३ सालीं क्वेसार, १९६५ सालीं विश्वांतील सूक्ष्मलहरींचें प्रारण, १९६७ सालीं स्पंदन करणारे तारे. निरुपयोगी ठरलेल्या सिद्धांतावांचून त्यांचा उलगडा होईना. सुदैवानें १९६६ सालीं ते पुणें विद्यापीठांत प्राध्यापक म्हणून आले व १९७३ पर्यंत तेथें राहिले.

त्यांच्या पत्नी सुमतीबाई संस्कृत जाणणाऱ्या होत्या. काशीच्या घरीं भिंतीवर फळा असे आणि त्यावर मोरूमामा भाच्यासाठीं अवघड गणितें लिहून ठेवीत. तो भाचा म्हणजे जयंत. पित्याप्रमाणेंच तेहि केंब्रिजचे रँग्लर झाले आणि विश्वोत्पत्तीच्या शास्त्रांत पित्याहूनहि अधिक कीर्ति मिळवून २०२५ सालीं निवर्तले.

विष्णुपंतांनीं १ एप्रिल १९९१ रोजीं देह ठेवला. गुरुत्वलहरी प्रथम पकडल्या गेल्या त्या १४ सप्टेंबर २०१५ रोजीं, अमेरिकेंत. आतां तशाच लहरी टिपणारी, ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची वेधशाळा आपल्याच मराठवाड्यांत, औंढा नागनाथाजवळ उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली आहे.