विल्यम होल्डन : संपादक आणि सत्ताधीश

लेखणी हातीं असतां माणूस सत्तेला जें बजावितो, तें स्वतःच्या हातीं सत्ता आल्यावर त्याला आठवतें काय? अमेरिकेच्या दक्षिण भागांतील उत्तर कॅरोलिना संस्थानचे गव्हर्नर विल्यम वुड्स होल्डन यांचें चरित्र ह्या प्रश्नाचा विचार करावयास लावतें, म्हणून तें आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

होल्डन यांचा जन्म १८१८ सालीं झाला. घरची गरिबी असल्यामुळें लहानपणींच ते छापखान्यांत उमेदवारीस लागले, आणि खिळे जुळवितां जुळवितां शिकून १८४१ सालीं वकील झाले. १८४३ सालीं रॅले शहरचें ‘स्टँडर्ड’ पत्र त्यांच्या हातीं आलें. त्या पत्रांतून त्यांनीं गुलामांच्या मालकांचा कैवार घेतला, हा डाग आम्ही लपवीत नाहीं. १८६१ सालीं संघराज्यांतून फुटण्याच्या ठरावासही त्यांनीं मत दिलें. परंतु युद्धाचा संहार पाहून १८६३ सालीं ते उघडपणें तहाचा पुरस्कार करूं लागले. तेव्हां जॉर्जियाच्या शिपायांनीं त्यांच्या पत्राची कचेरी लुटली.

युद्ध संपलें, गुलाम मुक्त झाले, आणि १८६८ सालीं कृष्णवर्णीयांच्याही मतांच्या बळावर होल्डन गव्हर्नर निवडून आले. हें सहन न होऊन कु क्लक्स क्लॅन ह्या गुप्त टोळीनें दहशत मांडली. १८७० च्या फेब्रुवारींत ग्रॅहॅम गांवचे कृष्णवर्णीय पुढारी वायट आउटलॉ यांस कोर्टाजवळील झाडास टांगून ठार केलें. मे महिन्यांत सेनेटर जॉन स्टीफन्स यांचा कोर्टाच्या इमारतींतच खून झाला. गुन्हेगारांस शिक्षा होईना. तेव्हां होल्डन यांनीं दोन परगणे बंडखोर ठरवून तेथें फौज पाठविली व सुमारें शंभर इसम पकडले. कैद्यांस हजर करण्याचा मुख्य न्यायाधीशांचा हुकूम त्यांनीं मानला नाहीं. इतकेंच नव्हे, तर बंडखोर टापूबाहेर असलेले प्रतिपक्षाचे संपादक जोसाया टर्नर यांसही अटक झाली.

अखेर संघराज्याच्या न्यायाधीशानें कैद्यांस दाद दिली. निवडणुकींत विरोधकांचा जय झाला, आणि २२ मार्च १८७१ रोजीं महाभियोगानें होल्डन पदच्युत झाले. अमेरिकेंत असे पदच्युत झालेले पहिले गव्हर्नर तेच. १८९२ सालीं ते वारले. २०११ सालीं त्याच संस्थानच्या सेनेटनें ४८ विरुद्ध ० मतांनीं त्यांस क्षमा केली.

दुर्बलांच्या रक्षणासाठीं सत्ता वापरणें हा त्यांचा अपराध नव्हे. तें त्यांचें कर्तव्यच होतें. आउटलॉच्या खुनाबद्दल कोणास शिक्षा झाली नाहीं, आणि खुन्यांस आवरूं पाहणारा मात्र पदावरून गेला, हा न्याय नव्हे. परंतु ज्याची स्वतःची कचेरी शिपायांनीं लुटली, त्यानेंच दुसऱ्या संपादकामागें शिपाई लावावे, ही चूक आम्ही क्षम्य मानीत नाहीं. तिनेंच शत्रूंच्या हातीं कायद्याचें शस्त्र दिलें. सत्पक्षानें तर कायद्याची वाट अधिकच जपून चालावी.