फादर ऑगस्टस टॉल्टन : गुलामीतून वेदीपर्यंत

अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाने गुलामीतून मुक्त झाल्यापासून जी वाटचाल केली, तिच्याविषयी आपण नेहमी वाचतो. रोझा पार्क्स, मार्टिन ल्यूथर किंग, बराक ओबामा ही नावे आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत. परंतु याच वाटचालीतील एक थोर नाव आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेचे आहे. अमेरिकेत ते सर्वत्र आदराने घेतले जाते. आपल्याकडे मात्र त्याचा उच्चार क्वचितच होतो. ते नाव म्हणजे फादर ऑगस्टस टॉल्टन. गुलाम आईबापांच्या पोटी जन्मलेला हा मुलगा पुढे अमेरिकेतील पहिला सर्वमान्य कृष्णवर्णीय कॅथोलिक धर्मगुरू झाला. त्यांच्या जीवनाचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

गुलामीतील बालपण

१ एप्रिल १८५४ रोजी मिझुरी राज्यातील ब्रश क्रीक या खेड्यात ऑगस्टसचा जन्म झाला. वडील पीटर पॉल टॉल्टन आणि आई मार्था जेन हे दोघेही गुलाम होते आणि दोघेही कॅथोलिक होते. मार्था जेन ज्या एलियट कुटुंबाच्या मालकीची होती, ते कुटुंबही कॅथोलिकच. बाळ ऑगस्टसचा स्नानसंस्कार जवळच्या सेंट पीटर चर्चमध्ये झाला, तेव्हा मालकीणबाईच त्याची धर्ममाता झाली. ज्या बाळाला तिने प्रभूच्या कुटुंबात आणले, ते बाळ कायद्याने तिच्या घरची मालमत्ता होते. या विसंगतीकडे आपण डोळेझाक करून चालणार नाही. त्या काळी अमेरिकेत अनेक कॅथोलिक घराणीच नव्हे, तर धर्मसंघही गुलाम बाळगीत असत. १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीयांनी २७२ गुलामांची विक्री केली, हा इतिहास आज ख्रिस्तसभेने स्वतःच उघडपणे मान्य केला आहे.

१८६१ साली यादवी युद्धाला तोंड फुटले. पीटर पॉल उत्तरेच्या सैन्यात दाखल होण्यासाठी निघून गेले आणि परतलेच नाहीत. त्या धामधुमीतच त्यांचा अंत झाला. पुढे टॉल्टन कुटुंबात सांगितली जाणारी हकीकत अशी की, १८६२ साली मार्था जेनने तीन मुलांना घेऊन घर सोडले. हॅनिबल गावापाशी दक्षिणेच्या पक्षाच्या लोकांनी त्यांना जवळजवळ पकडलेच होते. परंतु उत्तरेच्या सैनिकांच्या मदतीने ते निसटले. त्या माउलीने एका लहानशा होडीत मुलांना बसवले आणि मिसिसिपी नदीचे विशाल पात्र ओलांडले. नदीच्या अलीकडे गुलामी होती, पलीकडे इलिनॉय राज्यात स्वातंत्र्य होते. ऑगस्टस तेव्हा सुमारे आठ वर्षांचा होता.

एक दार बंद, एक दार उघडे

हे कुटुंब क्विन्सी या गावी स्थायिक झाले. आई आणि मुले तंबाखूच्या कारखान्यात कामाला लागली. थोड्याच काळात थोरला भाऊ चार्ली मरण पावला. हिवाळ्यात कारखाना बंद असे, तेव्हा ऑगस्टसला शाळेत घालावे असे आईने ठरवले. सेंट बोनिफेस धर्मग्रामाच्या शाळेत त्याला प्रवेश मिळाला खरा. पण तेथील जर्मन वंशाच्या पालकांना आपल्या मुलांच्या बाकावर काळा मुलगा बसलेला खपेना. तक्रारी झाल्या, धमक्या आल्या आणि महिन्याभरातच ऑगस्टसची शाळा सुटली.

येथेच फादर पीटर मॅकगर यांचा या कथेत प्रवेश होतो. हे आयरिश धर्मगुरू सेंट पीटर धर्मग्रामाचे प्रमुख होते. त्यांनी या मुलाला आपल्या शाळेत घेतले. त्यांच्याही धर्मग्रामस्थांनी कुरकुर केली. पण फादर मॅकगर तसूभरही मागे हटले नाहीत. शाळेतील धर्मभगिनींनी ऑगस्टसला अक्षरओळख करून दिली, मुलांनी चिडवू नये म्हणून त्याच्यावर पाखर घातली. तो वेदीवर मिस्सासेवक म्हणून उभा राहू लागला. कामावर जाण्याआधी पहाटेच्या मिस्साला हजर राहणे हा त्याचा नित्यक्रम झाला. याच मुलामध्ये धर्मगुरुपदाचे पाचारण असावे, हे प्रथम फादर मॅकगर यांच्याच लक्षात आले.

एका गावात, एकाच प्रभूची उपासना करणारी दोन चर्चेस. एकाने मुलाला बाहेर काढले, दुसऱ्याने आत घेतले. फरक पडला तो एका धर्मगुरूच्या ठामपणामुळे, हे आम्हाला विशेष महत्त्वाचे वाटते.

नकारामागून नकार

धर्मगुरू होण्याची इच्छा असणे वेगळे आणि ती पूर्ण होणे वेगळे. फादर मॅकगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सेमिनरींकडे पत्रे पाठवली. एकाही सेमिनरीने या कृष्णवर्णीय तरुणाला प्रवेश दिला नाही. धर्मसंघांनीही नकार कळवले. ऑगस्टस मात्र निराश होऊन बसला नाही. दिवसभर कारखान्यात राबायचे आणि उरलेल्या वेळात स्थानिक धर्मगुरूंकडे लॅटिन, ग्रीक व जर्मन शिकायचे, असा क्रम त्याने वर्षानुवर्षे चालवला. पुढे फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी त्याला आपल्या सेंट फ्रान्सिस सोलानस महाविद्यालयात शिकण्याची संधी दिली. हेच आजचे क्विन्सी विद्यापीठ होय. गावातील कृष्णवर्णीय मुलांना धर्मशिक्षण देण्याचे कामही तो करू लागला.

अखेर फ्रान्सिस्कनांच्या प्रयत्नांना यश आले. स्वदेशात जे दार उघडले नाही, ते रोममध्ये उघडले. १८८० साली ऑगस्टस टॉल्टन रोमला रवाना झाले आणि प्रोपगंडा फिदेच्या अर्बन महाविद्यालयात दाखल झाले. जगभरातील मिशन प्रदेशांसाठी धर्मगुरू घडवणारे हे विद्यालय. तेथे वेगवेगळ्या वर्णांचे विद्यार्थी एकाच पंगतीत जेवत आणि एकाच बाकावर शिकत.

येथे आपल्या भूमीतील एका व्यक्तीची आठवण होणे स्वाभाविक आहे. गोव्याच्या दिवाडी बेटावरील मातेउश द कास्ट्रो यांना सतराव्या शतकात केवळ एतद्देशीय म्हणून गोव्यात गुरुदीक्षा नाकारण्यात आली होती. तेही रोमला गेले, प्रोपगंडा फिदेच्या आश्रयाने धर्मगुरू झाले आणि १६३७ साली त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. टॉल्टन यांच्या आधी सुमारे अडीचशे वर्षे घडलेली ही गोष्ट. आपल्याच माणसांनी नाकारलेल्यांना आपल्याच ख्रिस्तसभेने स्वीकारावे, असे आपल्या इतिहासात एकापेक्षा अधिक वेळा घडले आहे.

आफ्रिका नव्हे, अमेरिका

शिक्षण पूर्ण झाल्यावर आपल्याला आफ्रिकेत पाठवले जाईल, अशी टॉल्टन यांची समजूत होती. त्यांनी मनाची तयारीही तशीच केली होती. परंतु गुरुदीक्षेच्या तोंडावर प्रोपगंडाचे प्रमुख कार्डिनल सिमिओनी यांनी निर्णय बदलला. अमेरिकेने आजवर कृष्णवर्णीय धर्मगुरू पाहिला नसेल, तर आता तो तिने पाहिलाच पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्या देशाने नाकारले, त्याच देशात परत जाण्याची ही आज्ञा होती. टॉल्टन यांनी ती नम्रपणे शिरोधार्य मानली.

२४ एप्रिल १८८६, पवित्र शनिवार. संत जॉन लॅटरन महामंदिरात त्यांना गुरुदीक्षा मिळाली. दुसऱ्या दिवशी, पुनरुत्थानाच्या रविवारी, संत पीटर महामंदिरात त्यांनी आपला पहिला मिस्साबलिदान अर्पण केला. तेव्हा त्यांचे वय ३२ वर्षांचे होते.

त्यांच्या आधी अमेरिकेत मिश्रवंशीय धर्मगुरू नव्हते असे नाही. आयरिश पिता आणि गुलाम माता यांचे पुत्र जेम्स ऑगस्टिन हिली यांना १८५४ सालीच पॅरिसमध्ये गुरुदीक्षा मिळाली होती आणि १८७५ साली ते पोर्टलँडचे बिशपही झाले. परंतु लोक त्यांना गोरे समजत. टॉल्टन यांच्या बाबतीत असा आडोसा नव्हता. ते जे होते ते सर्वांना दिसत होते.

क्विन्सी आणि शिकागो

जुलै १८८६ मध्ये क्विन्सीने त्यांचे मोठ्या थाटात स्वागत केले. गावातील कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या सेंट जोसेफ चर्चची जबाबदारी त्यांच्यावर सोपवण्यात आली. त्यांचा आवाज गोड होता, प्रवचने सुबोध होती. त्यामुळे गोरे भाविकही त्यांच्या मिस्साला येऊ लागले. हीच गोष्ट शेजारच्या एका गोऱ्या धर्मगुरूला सलू लागली. टॉल्टन यांनी केवळ काळ्यांचीच सेवा करावी, गोऱ्यांचे दान घेऊ नये, असा आग्रह धरला गेला. काही प्रॉटेस्टंट कृष्णवर्णीय पाळकांनीही त्यांना विरोध केला. शेवटी बिशपांनीही त्यांना हाच मार्ग सुचवला : आपल्या लोकांपुरते राहावे, अन्यथा अन्यत्र जावे.

याच काळात, जानेवारी १८८९ मध्ये, वॉशिंग्टन येथे कृष्णवर्णीय कॅथोलिकांची पहिली परिषद भरली. तिच्या प्रारंभीचा मिस्साबलिदान अर्पण करण्याचा मान फादर टॉल्टन यांना मिळाला. बाहेर मान आणि घरी मनस्ताप, असे त्यांचे जीवन होते. त्याच वर्षाच्या अखेरीस ते शिकागोला गेले.

शिकागोत सेंट मेरी चर्चच्या तळघरात कृष्णवर्णीय कॅथोलिकांचा एक लहानसा मेळावा प्रार्थनेसाठी जमत असे. फादर टॉल्टन त्यांचे मेंढपाळ झाले. मोलकरणी, हमाल, बेकार कामगार, आजारी वृद्ध यांच्या अंधाऱ्या खोल्यांतून ते फिरत. सुरुवातीस तीसच्या आसपास असलेली भाविकांची संख्या पुढे ६०० पर्यंत गेली. कॅथरिन ड्रेक्सेल या श्रीमंत घराण्यातील धर्मभगिनीने त्यांच्या कार्याला आर्थिक हात दिला. २००० साली त्यांना संतपद बहाल करण्यात आले. देणग्यांतून सेंट मोनिका चर्च उभे राहू लागले आणि जानेवारी १८९४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. पैशाअभावी इमारत मात्र अपुरीच राहिली. मिसिसिपी पार करून देणारी आई मार्था जेन या काळात मुलाच्या सोबत राहून घर सांभाळीत होती.

फादर टॉल्टन हे दीर्घकाळ एकटेच होते. बाल्टिमोर येथे १८९१ साली चार्ल्स रँडॉल्फ अंकल्स यांना गुरुदीक्षा मिळाली, तेव्हा अमेरिकेच्या भूमीवर दीक्षित झालेला पहिला कृष्णवर्णीय धर्मगुरू लाभला. तोवर देशभरातील कृष्णवर्णीय कॅथोलिक टॉल्टन यांना पत्रे लिहीत, बोलावीत, सल्ला मागत. या सर्वांच्या अपेक्षांचे ओझे एका माणसाने वाहिले आणि ते त्याच्या प्रकृतीला पेलले नाही.

अखेर आणि पुढे

जुलै १८९७ मध्ये शिकागोत भीषण उष्म्याची लाट आली होती. धर्मगुरूंची तपसाधना आटोपून फादर टॉल्टन रेल्वेने परतले आणि स्थानकावरून पायी निघाले असता रस्त्यातच कोसळले. ९ जुलै १८९७ रोजी मर्सी इस्पितळात त्यांनी देह ठेवला. वय अवघे ४३. त्यांच्या इच्छेनुसार क्विन्सीच्या सेंट पीटर दफनभूमीत त्यांना विश्रांती देण्यात आली.

त्यांनी पेरलेले बी वाया गेले नाही. १९६६ साली हॅरल्ड पेरी हे न्यू ऑर्लिन्सचे साहाय्यक बिशप झाले. २०२० साली शिकागोतच जन्मलेले विल्टन ग्रेगरी हे पहिले आफ्रिकन-अमेरिकन कार्डिनल झाले. शिकागोच्या कार्डिनल फ्रान्सिस जॉर्ज यांनी २०१० साली फादर टॉल्टन यांच्या संतपदाच्या प्रक्रियेला प्रारंभ केला आणि जून २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना आदरणीय म्हणून घोषित केले. धन्यवादित पदासाठी त्यांच्या मध्यस्थीने घडलेला चमत्कार मान्य व्हावा लागतो.

फादर टॉल्टन यांनी ना आंदोलन उभारले, ना कडवट शब्दांत कुणाचा धिक्कार केला. ज्या ख्रिस्तसभेने आपल्याला दुखावले, तिच्याविषयी तेच सांगत राहिले की, वर्णभेद न करणारी खरी आई हीच आहे. ते सत्य होते, कारण तिच्यात फादर मॅकगर होते, फ्रान्सिस्कन होते, रोमचे ते महाविद्यालय होते. आणि ते अपुरे होते, कारण तिच्यात बाकावरून मुलाला उठवणारे पालकही होते आणि त्यांच्यापुढे झुकणारे धर्मगुरूही होते.

आपल्या धर्मग्रामांतही जातीचा, बोलीचा, पैशाचा, परगावाहून आलेल्यांविषयीच्या परकेपणाचा भेद अधूनमधून डोके वर काढतो. रविवारी आपल्या बाकावर शेजारी येऊन बसणाऱ्या अनोळखी माणसाला आपण सरकून जागा देतो का, हे आपण प्रत्येकाने स्वतःला विचारावे. आदरणीय ऑगस्टस टॉल्टन यांच्या स्मरणार्थ यापेक्षा मोठी प्रार्थना आम्हाला सुचत नाही.