रेसिडेन्सीचा कर्ता

कोठीवरील रेसिडेन्सी, म्हणजे एके काळचे कंपनीच्या सत्तेचे ठाणे, आपण जाणतो. ती उभारणारा जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक मात्र विस्मृतीत गेला. मद्रासेत 1764 साली जन्मलेला हा पलटणीतला माणूस. 1798 साली निजामाची फ्रेंच फौज त्याने जवळजवळ रक्त न सांडता निःशस्त्र करविली. पुढे खैरुन्निसा बेगमेशी निकाह लावून त्याने वरिष्ठांचा रोष ओढवून घेतला. 1803 च्या सुमारास सॅम्युएल रसेलच्या आराखड्याप्रमाणे, निजामाच्या पैशाने, काम सुरू झाले. पडद्यातील बेगमेला दर्शनी भाग दिसावा म्हणून जनान्याच्या बागेत इमारतीची छोटी प्रतिकृती केली, असे सांगतात. दरबारी गवयाच्या घरात पडद्याआडच्या श्रोत्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मला त्या उंच खांबांहून ही प्रतिकृतीच मोठी वाटते. 1805 साली दोन्ही मुले विलायतेस गेली. त्याच ऑक्टोबरात कर्कपॅट्रिक कलकत्त्यास वारला. बेगम 1813 साली येथेच निवर्तली. मुले तिला पुन्हा दिसली नाहीत.