गोदातीरी विसावलेले श्रीगुरू गोविंदसिंग महाराज

भाविक वारकरी मंडळींनो, आमचे धाड गाव बुलढाणा जिल्ह्याच्या कडेला, मराठवाड्याच्या शिवेवर. इकडची माणसे नामदेवरायांच्या जन्मस्थळी नरसीला जातात, आणि त्यांतली काही पुढे नांदेडलाही दर्शन घेऊन येतात. तिथे निळ्या-केशरी पगडीचे, दाढी राखलेले, कमरेला कृपाण लावलेले शीख पाहिले म्हणजे साध्या माणसाच्या मनात येतेच, की हे देवाचे भक्त, मग यांना शस्त्र कशाला? केसांना कात्री का लावीत नाहीत? ज्यांनी हा वेष दिला त्यांच्या चरित्रातच याचे उत्तर आहे. म्हणून आज तेच चरित्र सेवेला घेतो.

शिखांचे नववे गुरू तेगबहादूर आणि माता गुजरी यांच्या पोटी पौष शुद्ध सप्तमीस, १६६६ च्या डिसेंबरात, पाटणा येथे बाळ जन्मले. नाव ठेविले गोविंदराय. पुढे पंजाबात आनंदपुरास मुक्काम पडला. ते दिवस औरंगजेबाचे. शीख परंपरा सांगते, की काश्मीरचे ब्राह्मण गुरूंकडे गाऱ्हाणे घेऊन आले, आमचे टिळे-जानवी राहत नाहीत म्हणून. आता गंमत पाहा, शिखाला ना टिळ्याचे बंधन, ना जानव्याचे. तरी दुसऱ्याच्या धर्मखुणेसाठी तेगबहादुरांनी १६७५ साली दिल्लीस आपले शिर दिले. ते शिर छातीशी धरून आनंदपुरास आणणारा भाई जैता हा अस्पृश्य मानलेल्या जातीचा. नऊ वर्षांच्या गोविंदरायांनी त्याला पोटाशी धरले. आपल्या चोखोबांची आठवण होऊन डोळ्यांत पाणी उभे राहते, मंडळी!

पण त्याच दिवशीची दुसरी गोष्ट त्या बालमनाला लागली, असे सांगतात. दिल्लीच्या त्या गर्दीत गुरूंना मानणारे आणखीही होते. परंतु भीतीपोटी कोणी पुढे झाला नाही, आणि कोण आपला, कोण परका हे ओळखताही येईना. हजारांत उभा राहिला तरी लपू शकणार नाही असे रूप आपल्या माणसाला द्यायचे, हा निश्चय तेव्हाचा.

तो सिद्धीस गेला १६९९ च्या वैशाखीला. आनंदपुरास मोठा मेळा भरला होता. गुरूंनी उघडी तलवार हाती धरून एक शिर मागितले. सभा चिडीचूप झाली. मग एक उठला, दुसरा उठला, असे पाच उठले. लाहोरचे दयाराम खत्री, हस्तिनापूरचे धरमदास जाट, जगन्नाथपुरीचे हिंमतराय पाणक्ये, द्वारकेचे मोहकमचंद छिंबे, म्हणजे आपल्या नामदेवरायांच्या व्यवसायाचे, आणि पाचवे साहिबचंद न्हावी. हे पाचवे कुठले म्हणाल, तर आपल्या शेजारच्या बिदरचे! सेना महाराजांचेच जातभाई. लोखंडी कढईत पाणी घातले, माताजींनी त्यात बत्तासे टाकले, गुरूंनी ते दुधारी खंड्याने ढवळले, आणि पाचांना एकाच भांड्यातून पाजले. खत्री आणि न्हावी एका कढईला तोंड लावतात, हे त्या काळी सोपे नव्हते बरं! यालाच अमृत म्हणतात. आणि मग खुद्द गुरूंनी त्या पाचांपुढे हात जोडून तेच अमृत मागून घेतले आणि गोविंदरायांचे गोविंदसिंग झाले. वारीत आपण लहान-थोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतो ना, त्याच जातीचा हा प्रसंग.

या पंथाला खालसा म्हणतात. पुरुषाच्या नावापुढे सिंग, स्त्रीच्या नावापुढे कौर. जात सांगणारे आडनाव नको. आणि अंगावर पाच खुणा. केश कापायचे नाहीत, जसे देवाने दिले तसे राखायचे. ते विंचरून नीट ठेवायला कंगवा. वाढवलेल्या जटांत माती साचू द्यायची नाही, कारण संसार टाकायचा नाही. मनगटात कडे, तेही सोन्याचे नव्हे, लोखंडाचे. हात वाईटाकडे वळला की तेच आधी नजरेस पडते. गुडघ्यापर्यंतची कच्छ, शीलाची आणि तयारीची खूण. आणि कृपाण, गांजलेल्याच्या रक्षणासाठी. तंबाखू वर्ज्य, परस्त्री मातेसमान. पहाटे उठून स्नान, मग नामपाठ. संध्याकाळी पुन्हा पाठ. आपला काकडा आणि हरिपाठ आठवावा. संगत, कीर्तन, पंगत हे शब्दही तेच. लंगरात राव आणि रंक एका पंगतीत बसतात.

भेदही आहेत, ते झाकू नयेत. ते मूर्तिपूजा करीत नाहीत, आणि आहाराचे त्यांचे नियम आपल्याहून वेगळे आहेत. पण खुणेचे मोल दोघांना सारखेच कळते.

ते मोल गुरूंनी स्वतः भरले. वैशाखीनंतर पाच-सहा वर्षांतच आनंदपूर सोडावे लागले. थोरले दोन पुत्र, अजितसिंग आणि जुझारसिंग, चमकौरच्या लढाईत पडले. धाकटे जोरावरसिंग आणि फतेहसिंग दहाच्या आतली लेकरे. धर्म सोडीत नाहीत म्हणून सरहिंदच्या सुभेदाराने त्यांना भिंतीत चिणले. आजी गुजरीमातेनेही तिथेच देह ठेविला. चार पुत्र गेले, तरी गुरूंनी औरंगजेबास फारसीत जफरनामा लिहिला तो दयेची याचना म्हणून नव्हे, त्याच्या मोडलेल्या शपथेचा जाब विचारायला.

औरंगजेब १७०७ साली अहमदनगराजवळ, आजच्या अहिल्यानगरी, मेला. पुढे बादशहा बहादूरशहा दक्षिणेत उतरला, त्याच्याबरोबर गुरूही बुऱ्हाणपूरवरून १७०८ साली नांदेडास आले. गोदाकाठी माधोदास बैराग्याचा मठ होता. त्याला त्यांनी बंदासिंग केले आणि पंजाबात धाडले. १७१० साली त्याने सरहिंद जिंकले. इकडे एका पठाणाने दगा करून गुरूंच्या पोटात कट्यार खुपसली. जखम शिवली, पण धनुष्य ओढताना टाके उसवले. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी महाराजांनी गोदातीरी देह ठेविला. पुढे महाराजा रणजितसिंगांनी तिथेच सचखंड हुजूर साहिबची इमारत बांधविली.

देह ठेवण्यापूर्वी त्यांनी गादी कोणा माणसास दिली नाही. ग्रंथासच गुरू मानावे, अशी आज्ञा केली. त्या ग्रंथात आपल्या नामदेवरायांची ६१ पदे आहेत, सेना महाराजांचेही एक आहे. रुमालांत गुंडाळून, चवरी ढाळून ज्याची सेवा होते, त्यात आपल्याच शिंप्याचा आणि न्हाव्याचा शब्द विराजमान आहे. नामदेवराय पंजाबात घुमानला राहिले, सुमारे साडेतीनशे वर्षांनी पंजाबचे गुरू नामदेवांच्या मुलुखात येऊन विसावले. देण्याघेण्याचा हिशेब देवच ठेवतो!

तेव्हा नांदेडला जाल तर डोके झाकून, पाय धुऊन आत जा, लंगरात पंगतीला बसा, आणि जमल्यास चार ताटे घासा. तिथून निघताना आपल्या गळ्यातली तुळशीची माळ एकदा हाताने चाचपून पाहा. माळ घालणे सोपे. पण बाजारात तागडी धरताना, कचेरीत साक्ष देताना, रात्री व्यसनी सोबती हाक मारतात तेव्हा, ती माळ आपल्याला लपू देते काय? ज्या दिवशी ती लपू देणार नाही, त्या दिवशी गोविंदसिंग महाराजांचे चरित्र आपल्याला कळले असे म्हणावे.

रामकृष्णहरी.