पुराव्याचा कायदा आणि त्याचा कर्ता

१ जुलै २०२४ रोजी भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला आणि १८७२ चा पुरावा कायदा इतिहासजमा झाला. दीडशे वर्षांहून अधिक काळ तालुक्याच्या न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत ज्याच्या एकेका शब्दाचा कीस काढला गेला, त्या कायद्याचे कर्ते सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. मोबाईलमधील संदेश, ध्वनिमुद्रणे आणि चित्रफिती यांच्यामुळे आज न्यायासनापुढे जो पेच उभा आहे, त्याची दोन्ही टोके या एकाच माणसाच्या चरित्रात सापडतात. म्हणून त्या चरित्राची उजळणी आज अप्रस्तुत ठरू नये.

स्टीफन यांचा जन्म ३ मार्च १८२९ रोजी लंडनमध्ये झाला. वडील ब्रिटिश वसाहत खात्यातील वजनदार अधिकारी. धाकटे बंधू लेस्ली स्टीफन पुढे साहित्यसमीक्षक म्हणून गाजले आणि लेस्लींची कन्या व्हर्जिनिया वुल्फ कादंबरीकार म्हणून. ईटन व केंब्रिज येथील शिक्षणानंतर १८५४ मध्ये ते बॅरिस्टर झाले. वकिलीची प्राप्ती बेताची असल्याने वृत्तपत्रीय लेखन हा त्यांचा दुसरा व्यवसाय बनला. १८६९ च्या अखेरीस सर हेन्री मेन यांच्या जागी व्हाइसरॉयच्या मंडळाचे कायदे सदस्य म्हणून ते हिंदुस्थानात आले आणि १८७२ च्या वसंत ऋतूत परत गेले. मुक्काम उणापुरा अडीच वर्षांचा. परंतु त्याचा ठसा शतकाहून अधिक काळ टिकला.

त्या वेळी पुराव्याच्या बाबतीत येथे एकसूत्रता नव्हती. मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांत इंग्लंडमधील गुंतागुंतीचे नियम चालत, तर मुफसलात निश्चित असे फारच थोडे होते. आधीचा मसुदा हिंदुस्थानला निरुपयोगी ठरल्यावर स्टीफन यांनी नवा मसुदा स्वतः तयार केला. त्याच्या १६७ कलमांचा पाया एका साध्या विचारावर उभा होता : वादाच्या मुद्द्याशी जे संबद्ध आहे ते न्यायालयापुढे यावे, बाकीचे येऊ नये. पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही, हा आधीपासूनचा निर्बंधही त्यांनी या कायद्यात घेतला. उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणे पोलिसाला अधिक सोयीचे वाटते, हे एका अनुभवी अधिकाऱ्याकडून ऐकलेले मर्म त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले.

या कर्तृत्वाला काळी बाजू नव्हती असे नाही. राजद्रोहाचे १२४-अ हे कलम १८७० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने दंडसंहितेत आले आणि त्याच कलमाखाली लोकमान्य टिळकांना १८९७ व १९०८ मध्ये शिक्षा झाली. जन्मावरून माणसांना गुन्हेगार ठरविणारा १८७१ चा कायदाही त्यांच्याच कारकिर्दीतला. १८८३ मध्ये इल्बर्ट विधेयकाला त्यांनी जाहीर विरोध केला. स्टीफन हे साम्राज्याचे आणि कणखर राजसत्तेचे निःसंकोच पुरस्कर्ते होते.

आणि तरीही मिल यांच्या स्वातंत्र्यविचारावर टीका करणाऱ्या १८७३ च्या ग्रंथात त्यांनी एक मर्यादा निक्षून सांगितली : माणसाच्या खासगीपणाचा मान कायद्याने आणि लोकमतानेही काटेकोरपणे राखला पाहिजे. अमेरिकेत वॉरन व ब्रँडाइस यांचा खासगीपणाच्या हक्कावरील प्रसिद्ध निबंध यानंतर सतरा वर्षांनी आला.

या दोन तत्त्वांची टक्कर नियतीने त्यांच्याच न्यायासनासमोर घडवून आणली. १८७९ मध्ये ते इंग्लंडमध्ये न्यायाधीश झाले. १८८९ मध्ये लिव्हरपूल येथे फ्लॉरेन्स मेब्रिक या स्त्रीवर पतीला विष दिल्याचा खटला त्यांच्यापुढे चालला. तिने प्रियकराला लिहिलेले पत्र टपालात टाकण्यासाठी मुलांच्या दाईजवळ दिले होते; दाईने ते फोडले, घरच्यांच्या हाती दिले आणि तेथून ते न्यायालयात पोहोचले. ज्यूरीपुढील समारोपात स्टीफन यांनी तिच्या व्यभिचारावर इतका भर दिला, की विषप्रयोगाच्या पुराव्यातील शंका झाकोळून गेल्या. फाशीची शिक्षा पुढे जन्मठेपेत बदलली गेली. ती सुटली १९०४ मध्ये. समारोपावर कडाडून टीका झाली. बुद्धी थकत चालल्याचे लक्षात येऊन स्टीफन यांनी १८९१ मध्ये पद सोडले. ११ मार्च १८९४ रोजी ते निवर्तले.

ते फोडलेले पत्र आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाईलमध्ये आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदींना २००० साली पुरावा कायद्यात ६५-अ व ६५-ब या कलमांनी स्थान मिळाले. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला काय, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रफितींवर येऊन ठेपला. त्यातूनच अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला : मूळ उपकरण हजर केले नसेल तर ६५-बचे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, मात्र अधिकाऱ्याने ते नाकारले आणि पक्षकाराने शक्य ते सर्व केले असेल, तर त्याला अशक्याची सक्ती करता येणार नाही. नव्या अधिनियमाच्या कलम ६३ ने प्रमाणपत्रात तज्ज्ञाचा भाग आणि हॅश व्हॅल्यू यांची भर घातली आहे.

परंतु हे सारे पुरावा अस्सल आहे काय, एवढेच सांगते. तो कसा मिळविला, हा प्रश्न वेगळा. बेकायदेशीर मार्गाने मिळविलेला पुरावा केवळ तेवढ्याने त्याज्य ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये मलकानी खटल्यात आणि १९७३ मध्ये पूरणमल खटल्यात सांगितले. १९८३ मध्ये विधी आयोगाने असा पुरावा नाकारण्याचा विवेकाधिकार न्यायाधीशाला देण्याची शिफारस केली. ती कायद्यात उतरली नाही. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने घोषित केले. तरीही २०२३ च्या अधिनियमाने या बाबतीत मौनच पाळले.

स्टीफन यांची संबद्धतेची कसोटी आपण जतन केली. खासगीपणाची त्यांची मर्यादा मात्र कायद्यात आणली नाही. मोबाईल जप्त करणाऱ्या अधिकाऱ्याला वा जोडीदाराचे संभाषण चोरून मुद्रित करणाऱ्याला काय वर्ज्य आहे, हे न्यायाधीशागणिक बदलू नये. विधी आयोगाची ती शिफारस आता तरी संसदेने विचारात घ्यावी. संबद्ध पुरावा पुढे आला म्हणजे न्याय होतोच असे नाही, हे मेब्रिक खटल्याने खुद्द त्या कायद्याच्या कर्त्याच्या बाबतीतच दाखवून दिले आहे.