होमी भाभांनी बनवून घेतलेला कॉम्प्युटर आणि प्रोटॉनच्या पोटातलं गणित

होमी भाभा म्हटलं की आपल्याला आठवते ती अणुभट्टी. पण भाभांचा पहिला जीव जडला होता तो अणूपेक्षाही लहान कणांवर.

30 ऑक्टोबर 1909 ला मुंबईच्या एका श्रीमंत पारशी घरात त्यांचा जन्म झाला. टाटांशी नातं होतं. वडिलांचं गणित सरळ होतं, पोराने केंब्रिजला जाऊन मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचं. 1927 मध्ये पोरगा केंब्रिजला गेला खरा, पण मन रमलं फिजिक्समध्ये. शेवटी बापलेकात तह झाला. आधी इंजिनिअरिंग चांगल्या मार्कांनी पास व्हायचं, मग हवं ते शिकायचं. भाभांनी 1930 मध्ये इंजिनिअरिंग पूर्ण केलं आणि फिजिक्सकडे वळले.

वेळही भारी होती. 1932 मध्ये केंब्रिजलाच न्यूट्रॉन सापडला. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन या दोघांना मिळून न्यूक्लिऑन म्हणतात. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले की काय होतं, याचं गणित भाभांनी मांडलं. त्याला आजही जगभर भाभा स्कॅटरिंग म्हणतात. मेसॉन हे नाव रूढ होण्यातही त्यांचा हात होता.

1939 मध्ये ते सुट्टीवर भारतात आले आणि युरोपात महायुद्ध पेटलं. परतीचा रस्ता बंद झाला. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या विभागात ते काम करू लागले आणि तिथेच विचार पक्का झाला, की आता इथेच राहायचं. 12 मार्च 1944 ला त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था मागितली. देश तेव्हा स्वतंत्रही झाला नव्हता. 1945 मध्ये टीआयएफआर सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत आली.

भाभांनी इथे आणखी एक डाव टाकला. कॉम्प्युटर बाहेरून विकत आणण्यावर न थांबता इथल्या पोरांकडून बनवून घ्यायचा. आर. नरसिंहन आणि त्यांच्या टीमने 1960 मध्ये व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारं मशीन उभं केलं. 1962 मध्ये नेहरूंनी त्याचं टीआयएफआरॅक असं नामकरण केलं.

आता तुम्ही म्हणाल, कण शोधायला कॉम्प्युटर कशाला?

तर प्रोटॉनच्या आत क्वार्क असतात आणि त्यांना ग्लुऑन बांधून ठेवतात. गंमत अशी, की प्रोटॉनच्या तीन मुख्य क्वार्कांचं वजन जोडलं तर ते प्रोटॉनच्या वजनाच्या जेमतेम 1 टक्का भरतं. बाकीचं वजन येतं ते आतल्या हालचालीतून आणि ऊर्जेतून. म्हणजे तुमच्या-आमच्या वजनाचंही तेच. हे गणित कागदावर सुटत नाही.

1974 मध्ये केनेथ विल्सन यांनी युक्ती काढली. ती समजायला साकोलीच्या आसपासची धानाची शेती डोळ्यासमोर आणा. अख्खं शिवार बांध्यांमध्ये वाटलेलं असतं, मधून धुरे जातात. तसंच अवकाश आणि काळ चौकोनांत वाटायचे. धुरे जिथे मिळतात तिथे क्वार्क, आणि धुऱ्यावर ग्लुऑन. मग कॉम्प्युटर शक्यतांची असंख्य चित्रं काढतो आणि त्यांची सरासरी घेतो. पुढे बांध्या लहान लहान करत जायचं आणि उत्तर कुठे स्थिरावतं ते पाहायचं. पण बांधीची बाजू निम्मी केली की चार मितींमुळे कोपरे 16 पट वाढतात. म्हणून सुपरकॉम्प्युटर लागतो.

यालाच लॅटिस क्यूसीडी म्हणतात. 2008 मध्ये याच पद्धतीने प्रोटॉनचं वजन काढलं गेलं आणि ते प्रयोगातल्या आकड्याशी जुळलं. प्रोटॉनचा आकार किती, त्याचा स्पिन कुठून येतो, हेही असंच मोजलं जातं.

भाभांना यातलं काही पाहता आलं नाही. क्वार्कची कल्पना मांडली गेली 1964 मध्ये. 24 जानेवारी 1966 ला व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेल्या भाभांचं एअर इंडियाचं विमान माँट ब्लाँक पर्वतावर कोसळलं. वय होतं 56.

पण कुलाब्याच्या त्याच टीआयएफआरमध्ये आज लॅटिस क्यूसीडीवर काम चालतं. भाभांनी 1944 मध्ये संस्था मागितली तेव्हा हा विषय जन्मालाही आला नव्हता. पुढे कुठला प्रश्न येईल हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण तो सोडवणारी माणसं इथेच तयार व्हावीत, याची सोय ते करून गेले.