निष्ठावंत वादक पाब्लो कासाल्स

फ्रान्सच्या दक्षिण सीमेवर, पिरेनीज पर्वताच्या कुशीत, प्राद नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाजवळच सुमारे हजार वर्षांपूर्वी बांधलेला एक मठ आहे. दर उन्हाळ्यात या मठाच्या दगडी भिंतींच्या आत संगीताच्या मैफली भरतात. या मैफलींत वाद्यांचा मोठा ताफा नसतो. तीन, चार किंवा पाच वादक अर्धवर्तुळात बसतात. त्यांच्यापुढे उभा राहून खुणा करणारा कोणी नसतो. प्रत्येक जण इतरांचे वादन कान देऊन ऐकतो आणि त्यात आपला स्वर मिळवितो. पाश्चात्त्य देशांत या प्रकारास चेंबर संगीत म्हणतात. एखाद्या दालनात, मोजक्या श्रोत्यांसमोर वाजविण्याचे हे संगीत असल्यामुळे आपल्याकडील बैठकीची आठवण त्यावरून सहज व्हावी.

या मैफली ज्यांच्या नावाने भरतात, ते थोर वादक पाब्लो कासाल्स १९७३ साली निवर्तले. जगातील मोठमोठी शहरे ज्यांच्या वादनासाठी आतुर असत, त्यांची स्मृती एका आडगावी का जपली जावी? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चरित्रात आहे.

पाब्लो कासाल्स यांचा जन्म २९ डिसेंबर १८७६ रोजी स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतात, एल व्हेंड्रेल या गावी झाला. कॅटलोनियाची भाषा स्पॅनिशहून निराळी आहे. त्या भाषेत पाब्लोला पाउ म्हणतात आणि पाउ या शब्दाचा दुसरा अर्थ शांतता असा आहे. वडील गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत आणि गायकवृंदास शिकवीत. आई पिलार ही दूरच्या प्वेर्तो रीको बेटावर जन्मलेली. घरची स्थिती बेताची होती. पण घरात सूर मात्र भरपूर होते. पियानो, व्हायोलिन आणि ऑर्गन यांचे पहिले धडे मुलाने वडिलांपाशीच घेतले.

एकदा गावात फिरते वादक आले. त्यांच्यापैकी एकाने केरसुणीच्या दांड्याला तार बांधून वाद्य बनविले होते. ते पाब्लोच्या मनात भरले. तसेच वाद्य हवे म्हणून त्याने हट्ट धरला, तेव्हा वडिलांनी वाळलेल्या भोपळ्याला एक तार लावून त्याला वाद्य करून दिले. आपल्याकडील एकतारीची आठवण व्हावी असे ते होते. पाब्लोने ते जन्मभर जपून ठेवले.

पुढे अकराव्या वर्षी त्याने खरा चेलो ऐकला. चेलो हे व्हायोलिनच्याच कुळातील, परंतु पुष्कळच मोठे वाद्य होय. वादक खुर्चीवर बसून ते दोन्ही गुडघ्यांमध्ये धरतो, डाव्या हाताच्या बोटांनी तारा दाबतो आणि उजव्या हातातील गज तारांवरून फिरवितो. त्याचा स्वर गंभीर आणि भारदस्त असतो. तो स्वर ऐकताच आपण हेच वाद्य शिकायचे, असे पाब्लोने ठरविले. वडिलांच्या मते संगीतावर पोट भरणे कठीण होते. मुलाला सुताराच्या हाताखाली ठेवावे, असा त्यांचा विचार होता. आई मात्र ठाम राहिली. १८८८ साली ती मुलाला घेऊन बार्सेलोना शहरी गेली आणि तेथील संगीतशाळेत तिने त्याचे नाव घातले.

त्या काळी चेलो शिकणाऱ्या मुलांनी उजवा हात अंगाला चिकटून ठेवावा अशी शिस्त होती. त्यासाठी काखेत पुस्तक धरून वाजविण्यास सांगत. पाब्लोला ही रीत अस्वाभाविक वाटली. त्याने हात मोकळा ठेवून गज फिरविण्यास आरंभ केला आणि डाव्या हाताची बोटे तारांवर चालविण्याचीही नवी पद्धत शोधली. लोक प्रथम हसले. पण पुढे जगभरचे वादक त्याच मार्गाने जाऊ लागले. शिक्षण चालू असतानाच तो संध्याकाळी एका उपाहारगृहात वाजवून चार पैसे मिळवी.

१८९० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, एक महत्त्वाची घटना घडली. वडिलांबरोबर तो बार्सेलोनाच्या बंदराजवळील एका जुन्या दुकानात स्वरलिपीची पुस्तके चाळीत होता. तेथे योहान सेबास्टियन बाख या जर्मन संगीतकाराने एकट्या चेलोसाठी रचलेल्या सहा रचना त्याच्या हाती लागल्या. त्या रचनांना तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे होऊन गेली होती. पण लोक त्यांना हात बसविण्याचे धडे समजत. त्यांत किती सौंदर्य साठलेले आहे, हे या मुलाने ओळखले. तथापि तो लगेच त्या घेऊन लोकांपुढे गेला नाही. सुमारे बारा वर्षे त्याने त्यांचा रोज अभ्यास केला आणि मगच जाहीर रीतीने वादन केले. १९३६ ते १९३९ या काळात त्यांनी त्या सहाही रचनांच्या ध्वनिमुद्रिका करविल्या. आज चेलो वाजविणारा प्रत्येक जण त्या रचना शिकतो.

१८९९ साली पॅरिसमध्ये वादन केल्यापासून कासाल्स यांची कीर्ती झपाट्याने पसरली. त्याच वर्षी इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीपुढे आणि १९०४ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांपुढे त्यांनी चेलो वाजविला. पियानोवादक आल्फ्रेड कॉर्तो आणि व्हायोलिनवादक झाक तिबो यांच्याबरोबर त्यांनी जमविलेला त्रयीचा संच चेंबर संगीतात अजोड मानला गेला. एवढे यश मिळूनही श्रोत्यांपुढे जाताना त्यांच्या छातीत धडधड होई. १९०१ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका डोंगरावरून उतरताना एक दगड कोसळून त्यांच्या डाव्या हातावर पडला. तेव्हा, आता आपली चेलोतून सुटका झाली, हाच विचार प्रथम आपल्या मनात आला, असे त्यांनी पुढे प्रांजळपणे सांगितले. काही महिन्यांनी हात बरा झाला आणि त्यांनी पुन्हा गज उचलला. भीती मात्र जन्मभर सोबतीला राहिली.

कीर्ती आणि पैसा मिळाल्यावर त्यांना आपल्या प्रांताची आठवण झाली. १९२० साली त्यांनी बार्सेलोना येथे एक वाद्यवृंद उभारला. आरंभीची काही वर्षे येणारी तूट ते स्वतःच्या मिळकतीतून भरून काढीत. उत्तम संगीत केवळ श्रीमंतांनीच का ऐकावे, असे वाटून त्यांनी कामगारांसाठी अल्प वर्गणीची संस्था काढली. सुटीच्या दिवशी गिरण्या-कारखान्यांतील माणसे बायकामुलांसह संगीत ऐकावयास येऊ लागली.

परंतु हे सुख फार दिवस टिकावयाचे नव्हते. १८ जुलै १९३६ च्या संध्याकाळी कासाल्स बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीची तालीम घेत होते. अखिल मानव बंधू होत, असे सांगणारे समूहगीत त्या रचनेच्या अखेरीस आहे. ते सुरू होण्याच्या सुमारास निरोप आला की, लष्कराचे बंड बार्सेलोनात येऊन पोहोचणार आहे, सर्वांनी त्वरित घरी जावे. पुन्हा आपण एकत्र येऊ की नाही कोणास ठाऊक, म्हणून निरोपादाखल अखेरचा भाग पुरा करावा काय, असे कासाल्स यांनी सर्वांस विचारले. सर्वांनी होकार दिला. डोळ्यांतील पाण्यामुळे त्यांना समोरची स्वरलिपीही दिसेना. तरीही गीत पुरे झाले. मगच सर्वांनी एकमेकांचा निरोप घेतला.

यादवी युद्धात लोकशाही सरकारचा पराभव झाला आणि १९३९ साली जनरल फ्रँको हुकूमशहा झाला. लक्षावधी लोक डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये शिरले. त्यांना वाळूत, काटेरी तारांच्या छावण्यांत दिवस कंठावे लागले. कासाल्सही देश सोडून मायभूमीच्या सीमेजवळ, प्राद येथे राहू लागले. ते छावण्यांत अन्न व कपडे घेऊन जात आणि मदतीसाठी देशोदेशींच्या मित्रांना स्वहस्ते पत्रे लिहीत. हिटलरच्या जर्मनीत वाजविण्यास त्यांनी १९३३ पासूनच नकार दिला होता. महायुद्धात जर्मन अधिकारी प्रादमधील त्यांच्या घरी आले आणि बर्लिनचे निमंत्रण पुढे केले. तेव्हा प्राणाची भीती होती. तरीही त्यांचा नकार कायम राहिला.

१९४५ साली युद्ध संपले. आता विजयी राष्ट्रे स्पेनलाही मुक्त करतील, या आशेने कासाल्स इंग्लंडला गेले. तेथे त्यांचे अपूर्व स्वागत झाले. परंतु फ्रँकोला धक्का लावण्याचा कोणाचाच विचार नाही, हे लवकरच त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांच्या पदव्या नाकारल्या. जी सरकारे या अन्यायाकडे डोळेझाक करतात, त्यांच्या देशांत आपण वाजविणार नाही, असे ठरवून त्यांनी जाहीर वादनच थांबविले. वय सत्तरीला टेकले होते. या वयात गेलेली वर्षे पुन्हा हाती लागत नाहीत, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. संगीताने राजकारणात पडू नये, असेही कित्येकांनी सुचविले. कासाल्स यांच्यापाशी सैन्य नव्हते, सत्ता नव्हती. जे सर्वांत प्रिय होते, तेच त्यांनी पणास लावले. घरी मात्र त्यांचा सराव आणि शिकविणे चालूच होते.

१९५० साली बाखच्या मृत्यूला दोनशे वर्षे झाली. कासाल्स गाव सोडीत नाहीत, तर जगानेच त्यांच्याकडे जावे, अशी कल्पना अलेक्झांडर श्नायडर या व्हायोलिनवादकाने काढली. जून महिन्यात नामवंत वादक प्रादला जमले. चर्चमध्ये टाळ्या वाजविण्याची प्रथा नव्हती. म्हणून लोक नुसतेच उभे राहिले. मग त्या शांततेत वृद्ध कासाल्स यांनी बाखची पहिली रचना सुरू केली. तेरा वर्षांच्या मुलाने जुन्या दुकानात शोधलेल्या पुस्तकातलीच ती रचना होती. तेथूनच प्रादच्या वार्षिक मैफलींस आरंभ झाला.

पुढे ते आईच्या जन्मभूमीत, प्वेर्तो रीको येथे राहावयास गेले. १९५८ साली संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात आणि १९६१ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या निमंत्रणावरून त्यांनी वादन केले. अमेरिकेने फ्रँकोशी संबंध ठेवले होते. तरी केनेडींकडून शांततेची आशा वाटल्यामुळे त्यांनी हा अपवाद केला. वादनाच्या अखेरीस ते पाखरांचे एक साधे कॅटलन लोकगीत वाजवीत. १९७१ साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, संयुक्त राष्ट्रांत त्यांनी तेच गीत वाजविले, तेव्हा श्रोत्यांचे डोळे पाणावले.

२२ ऑक्टोबर १९७३ रोजी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. फ्रँको आणखी दोन वर्षे जगला. कासाल्स यांना मुक्त स्पेन पाहावयास मिळाला नाही. त्यांच्या मौनाने हुकूमशाही कोसळली नाही. १९७९ साली, लोकशाही आल्यावर, त्यांच्या अस्थी एल व्हेंड्रेल येथे आणण्यात आल्या.

प्रादच्या मठात वादक एकत्र बसतात, तेव्हा बाख, बेथोव्हेन आणि कधी कधी ते पाखरांचे गाणेही तेथे घुमते. सीमेपलीकडे मायभूमी आणि अलीकडे आपला चेलो, अशा स्थितीत कासाल्स यांनी याच गावी इतकी वर्षे काढली. गज हाती धरावा कसा, हे त्यांनी जगाला शिकविले. आणि तो खाली केव्हा ठेवावा, हेही शिकविले.